भोंगा वाजवू का?

नुरझात : छळतोय म्हणजे काय करतोय? नीट सांग एलनुरा, मला अर्धंच ऐकू येतंय. आहेस कुठे तू?

एलनुरा : (फोनवर) इस्सिक-कुलला, मामाच्या बागेत. शिडीवर उभी आहे, जर्दाळू उतरवतोय सगळे. चिडू नका हं एजे, मोठ्या बहिणीसारख्या आहात, पण तुमचा तो पुराचा प्रोग्राम सकाळपासून मला निरोपावर निरोप पाठवतोय. ‘पाणी चढतंय. भोंगा वाजवू का?’ आणि खाली दोन बटणं. हो आणि नाही.

नुरझात : तुला कशाला विचारेल तो? तू काय त्या गावची आहेस?

एलनुरा : तेच ना! हॅकेथॉनला सगळे कोड लिहायला जमलो होतो ना, तेव्हा हा विचारायचा कोडचा तुकडा आमच्या गटाने लिहिला होता. चाचणीसाठी कोणाचा तरी नंबर लागत होता, म्हणून माझा घातला. मला वाटलं, तुम्ही तिकडे बिश्केकला बसून काहीतरी जुनं तपासताय. म्हणून मी आपलं ‘नाही’ दाबत गेले.

नुरझात : दरवेळी ‘नाही’?

एलनुरा : हो. बोटं चिकट, एका हाताने फांदी धरलेली, त्यात हे सारखं किणकिण किणकिण. एजे? ऐकताय ना?

नुरझात : उरमत! हातातलं सोड आणि इकडे ये. फोन स्पीकरवर टाकतेय. एलनुरा, आता मला सांगितलंस ते सगळं याला सांग. आणि आधी एक बघ, त्या निरोपात गाव कोणतं लिहिलंय?

एलनुरा : थांबा हं... कोक-साय.

उरमत : काय म्हणाली ही?

नुरझात : कोक-सायचा भोंगा वाजवू का, असं प्रोग्राम हिला विचारतोय. सकाळपासून. आणि ही ‘नाही’ सांगतेय.

उरमत : झमीरा कोक-सायला आहे.

नुरझात : ठाऊक आहे मला.

उरमत : माहेरी गेलीय ती, आमच्या बाळाला घेऊन. घर नदीला लागून आहे, एजे. अंगणातून खडा टाकला तर पाण्यात पडतो.

नुरझात : ठाऊक आहे रे बाबा. आधी वरच्या तळ्याचं मापक उघड. आकडा बघ.

उरमत : उघडतोय... उघडत का नाही हे... आलं.

नुरझात : किती?

उरमत : पिवळी खूण कधीच मागे पडलीय. लालच्या खाली बोटभर आहे. आणि रेघ सरळ वर चाललीय. एजे, बर्फाचा बांध झिरपायला लागलाय. चार दिवस उन्हाचा नुसता जाळ पडतोय वर.

एलनुरा : म्हणजे ते खरंच होतं? मी जे दाबत होते ते... खरं होतं?

नुरझात : एलनुरा, रडू नकोस. शिडीवरून खाली उतर, सावकाश. मग तो शेवटचा निरोप उघड आणि ‘हो’ दाब.

एलनुरा : उतरले... दाबतेय... नाही होत. ‘उत्तर मिळाले आहे’ असं येतंय. बटणं फिकी झालीत.

उरमत : नाहीच होणार. एकदा उत्तर दिलं की तो प्रश्न संपतो. पाणी आणखी एक खूण चढलं की मग पुढचा येतो.

नुरझात : मग एलनुराचा नंबर काढून माझा टाक, उरमत.

उरमत : टाकीन, पण गावातली भोंग्याची पेटी नवीन कोड उचलते पहाटे. तुम्हीच ठरवलंय तसं, दिवसा तिथलं नेट मरतं म्हणून.

नुरझात : इथून भोंगा थेट वाजवायचा रस्ता होता की आपला.

उरमत : तोच तर बंद केला या तुकड्याने. ‘माणसाने हो म्हटल्याशिवाय वाजायचं नाही.’ यासाठीच तर लिहिला होता तो.

एलनुरा : पण आम्ही त्या तुकड्याच्या वरच लिहून ठेवलं होतं! ‘काम अर्धं आहे, नंबर बदलायचा आहे, आत घेऊ नका.’ मी स्वतः लिहिलं होतं, एजे. दुसऱ्या दिवशी आमच्या परीक्षा लागल्या आणि ते तसंच राहिलं. पण लिहिलं होतं!

नुरझात : उरमत?

उरमत : वाचलं होतं मी ते.

नुरझात : आणि तरी घेतलंस?

उरमत : त्याच्याखाली तुम्ही लिहिलं होतं. ‘फार छान काम. रहमत, आभारी आहोत. देव तुमच्या हातांना बळ देवो.’

नुरझात : अरे, ते मी सगळ्यांनाच लिहिलं होतं!

उरमत : हो, सगळ्यांनाच. आणि आपल्याकडे प्रमुखाने ‘छान’ लिहिलं की तो तुकडा पास, हा नियमही तुमचाच. हॅकेथॉन झाल्यावर ढीग पडला होता अर्ध्यामुर्ध्या तुकड्यांचा. तुम्ही म्हणालात, नवीन आवृत्ती निघायच्या आत आवरून टाक. जिथे तुमचं ‘छान’ दिसलं ते घेतलं. दुसऱ्या कशावरून ठरवायचं होतं मी?

नुरझात : अशरला, एकमेकांच्या कामाला फुकट हात लावायला, लोक आले होते रे! स्वतःचं जेवणखाण सोडून आले होते. कोणी शेजारी तुझ्या घराची भिंत उभी करायला आला तर त्याच्या तोंडावर तू सांगशील, तुझी वीट वाकडी बसलीय म्हणून? त्याला गरम तळलेले बोरसोक वाढायचे, चहा द्यायचा, हाताची तारीफ करायची. वीट काय, तो गेल्यावर घरच्याने बघायची.

उरमत : मग घरच्याने बघायला हवी होती.

नुरझात : मला वाटलं तू बघशील.

उरमत : मला वाटलं तुम्ही बघितलंय.

एलनुरा : तुम्ही भांडताय आणि तिकडे...

नुरझात : खरं आहे पोरी. तू फोन हातातून सोडू नकोस. प्रश्न आला की ‘हो’. शिंक आली तरी आधी ‘हो’. तो दुसरा फोन दे, उरमत, मी जिल्ह्याला लावते. तू झमीराला लाव.

उरमत : मघापासून लावतोय. घंटी जाते, उचलत नाही. सासूबाईंचा लागतच नाही.

नुरझात : पुन्हा लाव... हॅलो? हो, कोक-साय. तळं फुटायला आलंय... भोंगा नाही वाजला, तो बिघडलाय, म्हणूनच सांगतेय... बरं. बरं, लवकर. उरमत, त्यांची गाडी निघतेय, पण घाटातून यायची आहे. वेळ लागेल. गावात कोण आहे ज्याच्याकडे भोंग्याची किल्ली असते? तोक्तोसूनआबा ना?

उरमत : हो. शाळेच्या छतावर आहे भोंगा, त्याला हाताची कळ पण आहे. लावतोय... उचलला. स्पीकरवर टाकतो.

तोक्तोसून : (मागे गाणं चालू) कोण? मोठ्याने बोला, इथे लग्न आहे!

नुरझात : तोक्तोसूनआबा, सलाम. मी बिश्केकहून नुरझात बोलतेय.

तोक्तोसून : अरे वा, नुरझात! बरकत असो! पोरी, तू यायला हवं होतंस. पुतण्याचं लग्न आहे. नदीकाठच्या सपाटीवर सगळं गाव बसलंय, नारिनहून व्याही आलेत, आताच त्यांच्यापुढे मानाचं मेंढीचं डोकं ठेवलं. तब्येत कशी आहे? मुलं बरी आहेत?

नुरझात : सगळे बरे आहेत. आबा, ऐका. लोकांना तिथून उठवा. वरचं तळं फुटायला आलंय.

तोक्तोसून : काय म्हणालीस?

नुरझात : पाणी येतंय. सगळ्यांना वर कबरस्तानाच्या टेकडीवर न्या. आत्ता.

तोक्तोसून : पण भोंगा तर वाजला नाही.

नुरझात : तो वाजणार नाही. बिघडलाय.

तोक्तोसून : बिघडला कसा? आणि तुमच्या त्या पोरांनी मला शब्द दिला होता, ‘आबा, आता तुम्हाला विचारल्याशिवाय भोंगा वाजायचा नाही.’ माझा फोन सकाळपासून खिशातच होता. मला कोणी काही विचारलेलं नाही. म्हणजे पाणी नाही.

नुरझात : विचारलंय आबा, पण दुसऱ्याच कोणाला तरी. चूक झालीय आमची.

तोक्तोसून : हे बघ पोरी, राग मानू नकोस. तुमचा तो मेळा चालला होता तेव्हा काय झालं, आठवतंय ना? भोंगा कोकलला. मी ओरडत सुटलो. माणसं म्हाताऱ्यांना पाठुंगळी मारून डोंगरावर गेली, वाटेत इब्राइमच्या बायकोचा पाय मोडला. वर बसून बसून संध्याकाळ झाली आणि पाणी? घोटाभर. कोणीतरी पोरगं तिकडे बिश्केकला त्या मशीनशी खेळत होतं. खाली आलो तर कुत्र्यांनी पातेलं चाटून ठेवलेलं. तेव्हापासून मुलं मला ‘भोंगा-आबा’ म्हणतात. तोंडावर म्हणतात!

नुरझात : ठाऊक आहे. लाज वाटते मला त्याची.

तोक्तोसून : तुझं मशीन ओरडलं तेव्हा पाणी नव्हतं. आता मशीन गप्प आहे, तर तू म्हणतेस पाणी आहे. मी धरू तरी कोणाचं खरं? आणि समोर व्याही बसलेत. त्यांना काय सांगू, हातातलं डोकं खाली ठेवा आणि टेकडी चढा?

उरमत : आबा, मी उरमत. झमीराचा नवरा.

तोक्तोसून : अरे जावईबापू! तू पण आहेस होय?

उरमत : आबा, माझी बायको तिथे आहे. बाळ अजून मान धरत नाही. मी हात जोडतो. नदीकडे एकदा बघा तरी. रंग कसा आहे?

तोक्तोसून : बघतोय की. गढूळ आहे. उन्हाळ्यात असतेच गढूळ.

उरमत : आवाज?

तोक्तोसून : आवाज कसला ऐकू येतो इथे, तो गाणारा थांबला तर ना! थांब, कडेला जातो... हं. दगड वाजतायत.

उरमत : दगड?

तोक्तोसून : तळातले. गडगड. पण थोडेच.

एलनुरा : एजे, आला! प्रश्न आला!

नुरझात : दाब! दाब, दाब!

एलनुरा : दाबला. ‘हो’ दाबला. आता ‘पाठवत आहे’ असं येतंय. गोल गोल फिरतंय. एजे, फिरतच राहिलंय ते!

उरमत : म्हणजे पाणी आणखी एक खूण चढलं. लालवर गेलं. आबा, लालवर गेलं! ऐकताय का?

तोक्तोसून : लाल-पिवळं मला सांगू नका. सरळ सांगा.

नुरझात : सरळ सांगते. आबा, आमचा प्रोग्राम खराब आहे. इतकी वर्षं मी गावोगाव येऊन सांगत आले ना, याच्यावर भरवसा ठेवा? ठेवू नका. आज तो बहिरा आहे आणि मुका आहे, आणि तो मी केलाय. कोणाचं मन दुखू नये म्हणून न बघता आत घेतलं सगळं. आज तुम्ही त्याचं ऐकलंत तर गाव वाहून जाईल.

तोक्तोसून : आणि पाणी नाही आलं तर?

नुरझात : तर मी येईन. व्याह्यांसमोर उभी राहीन आणि सांगीन की म्हाताऱ्याचं काही चुकलं नाही, या शहरातल्या बाईने त्याला फसवलं. पोरं मला काय नाव ठेवायचं ते ठेवू देत. पण आता थांबू नका. थांबायचं नाही, आबा. आज मी तुम्हाला ‘नाही’ म्हणतेय. ऐका माझं.

तोक्तोसून : ...या वयात एवढं तोंड वर करून माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. थांब. शाळेकडे जातो.

उरमत : धावत जा आबा!

तोक्तोसून : धावायला पाय कोणाचे आणू? चाललोय... अरे ए, घोडा इकडे दे! तुझाच, हो! उतर खाली... हं. बसलो.

नुरझात : एलनुरा, काय दिसतंय?

एलनुरा : अजून फिरतंय. मी झाडाखाली बसलेय. मामी विचारतेय काय झालं. काय सांगू तिला? एजे, मी नुसतं जर्दाळू काढत होते.

नुरझात : काही सांगू नकोस. नुसतं बघत राहा.

उरमत : झमीरा उचलत नाहीये. उचलतच नाहीये, एजे. आकडा टाकता येत नाहीये मला.

नुरझात : इकडे दे फोन, मी लावते. तू मापकाकडे बघ.

उरमत : मापक बंद पडलं.

नुरझात : म्हणजे?

उरमत : रेघ थांबली. आता होती, आता नाही. एजे, ते तळ्याच्या तोंडाशी बसवलं होतं. तोंडच गेलं.

एलनुरा : पोचलं! एजे, ‘पोचले’ असं आलं! हिरवी खूण आली!

तोक्तोसून : वाजला! अरे वाजला! मी अजून शाळेच्या फाटकात आहे, कळ ओढलीच नाही, आपोआप वाजायला लागला!

नुरझात : आबा, तळं फुटलंय. लोक उठले का?

तोक्तोसून : मागे बघतो... नाही. हसतायत. टाळ्या वाजवतायत. ‘भोंगा-आबा घोड्यावर बसून गेला आणि भोंगा वाजवला,’ असं माईकवर चाललंय त्यांचं. तो गाणारा भोंग्याच्या सुरात सूर मिसळतोय. हरामखोर!

उरमत : आबा, परत जा. पाया पडतो. परत जा आणि उठवा त्यांना.

तोक्तोसून : माझं ऐकतंय कोण, बाळा? मी तर हसायला झालोय.

नुरझात : आबा, चाबूक आहे ना घोड्यावर?

तोक्तोसून : आहे.

नुरझात : पाहुण्यांना उठा म्हणून विनवू नका. अदब नको. चहा नको. शिव्या घाला. व्याह्यांना आधी घाला.

तोक्तोसून : व्याह्यांना?

नुरझात : त्यांच्यापासूनच सुरुवात करा. पाहुणा उठला की गाव उठेल.

तोक्तोसून : देवा, मला माफ कर... चल रे घोड्या, परत!... उठा! उठा रे! ते डोकं टाक खाली! टाक म्हणतो! दे तो माईक इकडे! ए म्हाताऱ्या, तुलाच सांगतोय, तू व्याही असलास तर असशील तुझ्या घरी! उठ! पोरं उचला! टेकडीवर! पाणी आलं, पाणी! हसतोस काय गाढवा, कान लाव, तो आवाज ऐक! गाणं नाही ते!

नुरझात : उठतायत का? आबा?

तोक्तोसून : एक उठला... बायका उठल्या... अरे ती म्हातारी! तिला घोड्यावर घाल! माझ्या घोड्यावर! मी चालतो!

उरमत : झमीरा दिसतेय का? आबा, नदीकडच्या घरात कोणी जा! आबा!

(फोनमध्ये माणसांचा कल्लोळ, मग मोठी घरघर, मग काहीच नाही.)

उरमत : हॅलो? हॅलो? आबा?

नुरझात : लागत नाही. टॉवर गेला असेल.

उरमत : नुसता टॉवरच गेला असेल ना, एजे?

नुरझात : हो. टॉवरच.

एलनुरा : एजे, मी फोन ठेवू का? की धरून बसू?

नुरझात : ठेव बाळा. तू फोन केलास म्हणून भोंगा वाजला, एवढं लक्षात ठेव.

एलनुरा : आधी मीच ‘नाही’ म्हटलं होतं.

नुरझात : तुला विचारायलाच नको होतं. घरात जा, पाणी पी. मी करते फोन.

उरमत : मी निघतो. गाडी काढतो.

नुरझात : साधा आकडा टाकता येत नव्हता तुला, गाडी चालवणार? बस. मी चालवते. किल्ली कुठे टाकली मी... उरमत, तू मला जे बोलायचं ते बोल. मोठी बहीण मानतोस म्हणून गिळू नकोस.

उरमत : काय बोलू? मीही वाचलं होतं की. ‘आत घेऊ नका’ असं मोठ्या अक्षरांत होतं. मला वाटलं, पोरं आहेत, मन मोडेल त्यांचं. आणि लवकर आवरून कोक-सायला जायचं होतं मला. बाळाला बघायला.

नुरझात : चल. आधी जाऊ तिथे.

उरमत : एजे, अजून चाळीस तुकडे आहेत तसेच, तुमच्या ‘छान’चे. बाकीच्या गावांतही तेच चालू आहेत.

नुरझात : गाडीत बसून सगळ्या गावांच्या किल्लीवाल्यांना फोन लाव. सांग, आजपासून मशीनकडे बघू नका, नदीकडे बघा. माझं नाव सांग. हसले तर हसू देत.

उरमत : फोन वाजतोय. अनोळखी नंबर आहे.

नुरझात : उचल.

उरमत : हॅलो?... कोण?... झमीरा! झमीरा, कुठे आहेस तू? बाळ? बाळ कुठेय?... हो... हो... रडू दे बाळाला, रडू दे... एजे, वर आहे ती. टेकडीवर. बाळ कुशीत आहे. कोणाचा तरी फोन घेऊन बोलतेय.

नुरझात : देवाची कृपा. आणि बाकीचे?

उरमत : मोजतायत म्हणे. घर गेलं. गोठा गेला. आबा चिखलात भरलेत, पण आहेत, सगळ्यांवर ओरडतायत अजून.

नुरझात : अरे, मग खाली का बसलास असा? काय झालं? अजून काय म्हणतेय ती?

उरमत : पाणी काळं झालेलं तिने दुपारीच पाहिलं होतं. सासूबाई म्हणत होत्या, सामान राहू दे, वर जाऊ या. हिनेच त्यांना थांबवून धरलं. बाळाला आंघोळ घालत बसली.

नुरझात : का?

उरमत : म्हणतेय, तुमचा भोंगा वाजला नव्हता ना.